लिंगभावविषयक इतिहाससंशोधन आणि ग्रंथालयीन संदर्भसाधने

लिंगभाव व लैंगिकता यांच्या इतिहासावर काम करू इच्छिणारा विद्यार्थी ग्रंथालयात आला की प्रथम ‘लिंगभाव’ हाच शब्द तालिकेत शोधतो. जुन्या साधनांत तो मिळत नाही, आणि ‘या विषयावर मराठीत साहित्य उपलब्ध नाही’ हे वाक्य प्रबंधिकेच्या पहिल्या प्रकरणात जाऊन बसते. प्रस्तुत लेखकाने असे वाक्य एकाहून अधिक वेळा वाचले आहे. वस्तुतः ही संज्ञाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. त्यापूर्वीची सामग्री संमतिवय, केशवपन, पुनर्विवाह, संततिनियमन अशा नोंदींखाली विखुरलेली आहे. म्हणून मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती येथे केवळ अर्थ पाहण्यासाठी नव्हे, तर त्या काळचे शब्द हुडकण्यासाठी उघडावी लागते.

वर्गीकरणही तटस्थ नसते. ड्यूई दशांश पद्धतीने १९३२ मध्ये समलैंगिकतेला प्रथम स्थान दिले ते मनोविकारांमध्ये. अमेरिकेतील ग्रंथपालांच्या आग्रहानंतर लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९७२ मध्ये या विषयावरील ग्रंथ ‘अस्वाभाविक संबंधां’च्या वर्गातून बाहेर काढले. आपल्याकडील अनेक ग्रंथालयांत ड्यूई पद्धतच वापरली जाते. जुने वर्गांक बदलण्याइतकी सवड आणि मनुष्यबळ कोणत्या महाविद्यालयाकडे असते? अभ्यासकाने मानसशास्त्राचे कपाटही पाहावे, हे बरे.

नियतकालिकांची अडचण याहून मोठी आहे. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ग्रंथसूची अमोल आहे, परंतु ती ग्रंथांची सूची आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’मधील वाचकांची लैंगिक प्रश्नांवरील पत्रे तीत कशी मिळणार? १९३४ च्या ज्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी कर्वे यांची बाजू मांडली, तो अशा प्रश्नोत्तरांवरूनच उद्भवला होता. तेथे अंक प्रत्यक्ष चाळण्यावाचून गत्यंतर नाही.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे जवळजवळ विस्मरणात गेले, स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले. तथापि जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये १८८५ मध्येच ताराबाईंची बाजू घेतली होती. म्हणजे पुस्तकाचा माग फुल्यांच्या लेखनात नव्वद वर्षे उपलब्धच होता.