पोलीस भरती : शेतातलं काम सांभाळून संध्याकाळची रनिंग आठवड्यात कशी बसवायची?

भरतीची तयारी करणारी गावाकडची बहुतेक पोरं-पोरी दिवसभर शेतात नाहीतर कामावर असतात. पहाटे धारा, दिवसा खुरपणी-फवारणी. रनिंगला उरते ती संध्याकाळच. ती पुरते, पण रोज जीव तोडून पळून चालत नाही.

माझ्या पुतण्यानं हीच चूक केली. रोज संध्याकाळी घड्याळ लावून सोळाशे मीटर फुल स्पीडनं. दीड महिन्यात नडग्या दुखायला लागल्या आणि ग्राउंडच्या दिवशी गडी लंगडत गेला. मैदानी चाचणीच्या ५० पैकी किमान २५ गुण लागतात, ते झाले नाहीत. लेखीचा अभ्यास पक्का असून पेपरला बसता आलं नाही.

टार्गेट किती?
मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर पूर्ण २० गुण. म्हणजे ४०० मीटरचा एक राऊंड साधारण ७७ सेकंदांत. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, म्हणजे राऊंड ८५ सेकंदांत. १०० मीटर आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण. जाहिरात आली की त्यातला गुणांचा तक्ता एकदा बघून घ्या.

आठवडा असा लावा
सोमवार : ४-५ किलोमीटर हळू. पळताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे, इतकंच.
मंगळवार : जोराचा दिवस. मुलांनी ४०० मीटरचे ४ राऊंड, मुलींनी २०० मीटरचे ६. मध्ये २-३ मिनिटं चालायचं. सुरुवातीला आपल्या जमेल त्या वेळेत, मग हळूहळू टार्गेटकडे.
बुधवार : गोळा, बैठका, जोर. पळणं नाही.
गुरुवार : पुन्हा हळू ५ किलोमीटर.
शुक्रवार : जोराचा दिवस. १०० मीटरच्या ६ स्प्रिंट, परत येताना चालत.
शनिवार : पूर्ण आराम.
रविवार : सकाळी ६-७ किलोमीटर निवांत. दर दोन आठवड्यांनी त्याऐवजी घड्याळ लावून चाचणी, त्या आठवड्यात शुक्रवारच्या स्प्रिंट सोडा. भरतीचं ग्राउंड बहुतेक पहाटे-सकाळी असतं, म्हणून शरीराला सकाळचीही सवय हवी.

जोराच्या दिवशी आधी १० मिनिटं हळू पळून अंग गरम करा. नवीन पोरांनी याच्या निम्म्यानं सुरू करावं आणि अंतर एकदम वाढवू नये.

शेतकऱ्याच्या घरातली अडचण
शेतीची लाईट रात्रीची असेल तर पाणी धरायला जागरण होतं. दुसऱ्या दिवशी राऊंड मारू नका, हळू पळा किंवा सुट्टी घ्या. ऊसतोड, पोती उचलणं असं जड काम झालं तरी हाच नियम. राहिलेला जोराचा दिवस एक-दोन दिवस पुढं ढकला, पण दोन जोराचे दिवस लागोपाठ नकोत.

खाणं आणि रस्ता
जेवण पळण्याआधी दोन-तीन तास. पोट रिकामं वाटलं तर तासभर आधी एक केळं. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच निघा.
शक्यतो शाळेच्या मैदानावर किंवा मऊ मातीवर पळा. डांबरी रस्त्याशिवाय पर्याय नसेल तर उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पांढरा टी-शर्ट घाला, कानात हेडफोन नको. उसाच्या सीझनला ट्रॉल्यांना मागं लाईट नसते, हे लक्षात ठेवा. अंधार पडला तर बॅटरी जवळ असू द्या आणि दोघं-तिघं मिळून जा.

कधी थांबायचं?
नडगीवर एकाच जागी दाबलं की दुखतं किंवा साधं चालतानाही दुखतं, तर पळणं बंद करून डॉक्टरला दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा. आठवडाभराच्या आरामानं तयारी बुडत नाही. दुखणं अंगावर काढलं तर मात्र भरती हातची जाते, आणि वय कुणासाठी थांबत नाही.