फराहबाग : निजामशाहीचे जलवेष्टित उद्यानगृह

मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासात किल्ले, मशिदी आणि मकबरे यांचा अभ्यास बराच झाला आहे. राजघराण्याने विश्रांतीसाठी शहराबाहेर बांधलेल्या उद्यानगृहांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमीच गेले. अहमदनगरच्या (2024 पासून अहिल्यानगर) आग्नेयेस असलेली फराहबाग ही अशीच एक उपेक्षित वास्तू होय.

अहमद निजामशहाने 1490 मध्ये निजामशाहीची स्थापना केली. त्याच्या वंशातील मुर्तजा निजामशहा पहिला (1565-1588) याच्या कारकिर्दीत, 1583 मध्ये, फराहबागेचे काम पूर्ण झाले. मूळ इमारत पसंत न पडल्याने ती पाडून नव्याने बांधली गेली, असे परंपरा सांगते. या पुनर्बांधणीचे श्रेय सलाबतखानाकडे जाते. 'फराह' या शब्दाचा अर्थ आनंद. स्थानिक लोक या वास्तूस 'फरियाबाग' असेही म्हणतात.

वास्तूची रचना विचारपूर्वक केलेली आहे. मोठ्या तलावाच्या मध्यभागी अष्टकोनी, दुमजली महाल उभा आहे. मध्यभागी दोन्ही मजल्यांइतक्या उंचीचे घुमटाकार दालन असून त्याभोवती लहान दालने गुंफलेली आहेत. चार प्रमुख बाजूंना उंच कमानी आहेत. बांधकाम दगड व चुन्याचे असून त्यावर नक्षीदार गिलावा होता. दख्खनचा काळा पाषाण कठीण. त्यावर नाजूक कोरीव काम करणे कष्टाचे. त्यामुळे दगडाने भिंतीला बळ द्यावे आणि चुन्याने सौंदर्य, अशी विभागणी येथील कारागिरांनी केली.

या वास्तूचा खरा प्राण पाणी होता. अहमदनगरचा परिसर पर्जन्यछायेचा. तरीही निजामशाहीने डोंगरपायथ्याच्या विहिरींचे पाणी भूमिगत नहरींतून व खापरी नळांतून शहरात आणि बागांत खेळवले. उंचीच्या फरकाने वाहणाऱ्या या पाण्यास मोटेची गरज नव्हती. तलावावरून येणारा वारा उंच कमानींतून आत शिरे. जाड भिंती दुपारची उष्णता बाहेर अडवीत. तलाव कोरडा पडल्यावर मात्र या योजनेचा अर्थच हरपला.

शाहजहानला ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून सुचली, असे अनेकदा सांगितले जाते. शाहजादा असताना तो दख्खनच्या मोहिमांवर आला होता हे खरे. परंतु तेवढ्यावरून हा निष्कर्ष निघत नाही. मध्ये मोठे दालन व सभोवती आठ दालने ही 'हश्त बिहिश्त' योजना इराण व मध्य आशियात विकसित झाली. दिल्लीतील हुमायूनचा मकबरा याच योजनेचा असून तो फराहबागेपूर्वीचा आहे. म्हणजे मुघलांकडे ही कल्पना आधीपासूनच होती. उलट, इस्फहानचा प्रसिद्ध हश्त बिहिश्त महाल 1669 चा, फराहबागेनंतर 86 वर्षांनी बांधलेला. एकाच परंपरेच्या या स्वतंत्र शाखा आहेत, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

दंतकथा इतिहासाची जागा कशी घेते, याचे दुसरे उदाहरणही जवळच आहे. शहराजवळच्या डोंगरावरील सलाबतखानाचा मकबरा लोक 'चांदबिबीचा महाल' म्हणून ओळखतात. ज्याने फराहबाग उभी केली, त्याचे नाव त्याच्या स्वतःच्या कबरीवरूनही पुसले गेले.

विद्यार्थ्यांना सहलीनिमित्त या वास्तू दाखविताना ताजमहालाचा आधार घेण्याची आवश्यकता नाही. कमी पावसाच्या प्रदेशात, कठीण दगडाच्या मुलखात, इराणी योजना आणि दख्खनी कारागिरी यांचा मेळ घालून उभारलेले हे उद्यानगृह स्वतःच्या गुणांवरच अभ्यासास पात्र आहे. महालाच्या पडक्या भिंती, कोरडा तलाव आणि नहरींचे अवशेष एकत्रितपणे वाचले, तरच त्याचा इतिहास पूर्ण होतो. महाल जपला आणि नहरी बुजू दिल्या, तर उरेल ते केवळ दगडांचे कवच.