आगरकरांचं आईला पत्र

"लोक काय म्हणतील" या भीतीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण मंडळी, लोकांचं एक वेळ सोडा हो. ते चार दिवस बोलतात आणि नवा विषय मिळाला की आपल्याला विसरतात. खरी पंचाईत होते ती घरच्या माणसांची. त्यांच्या अपेक्षा प्रेमापोटी असतात, म्हणून तर त्या मोडणं जड जातं.

हा विचार आला की मला गोपाळ गणेश आगरकर आठवतात. जन्म १८५६चा, कराडजवळच्या टेंभूचा. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी कधी कराड, कधी अकोला असं नातेवाइकांच्या आधारानं फिरावं लागलं. डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. अशा मुलाकडून आईनं काय अपेक्षा करावी? पोरगा एम.ए. होईल, सरकारी नोकरी लागेल, चार पैसे येतील, आपले कष्ट संपतील. यात लोभ कुठे आहे?

आणि या मुलानं आईला पत्र लिहून कळवलं, की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस. गरजेपुरतं मिळवून बाकीचं आयुष्य मी लोकांसाठी घालवणार आहे.

वर्गात हे पत्र मी त्यागाची गोष्ट म्हणून सांगत असे. मुलं मान डोलवायची. आता सत्तरी ओलांडल्यावर मात्र ते मी त्या माउलीच्या बाजूनं वाचते. तिला ते वाचून काय वाटलं असेल! मुलाच्या त्यागाचा अर्धा भार तर तिच्याच डोक्यावर आला. त्यानं तिला विचारलं नव्हतं, फक्त कळवलं होतं. तरीही मला वाटतं त्यानं केलं ते बरोबरच केलं, कारण त्यानं तिला खोट्या आशेवर ठेवलं नाही. "बघू", "सध्या तरी", "पुढच्या वर्षी" असं म्हणत आपण वर्षानुवर्षं घरच्यांना झुलवत ठेवतो आणि स्वतःही झुरतो. आगरकरांनी तो हिशेब विद्यार्थीदशेतच मिटवून टाकला.

पुढचं सगळं इतिहासात आहेच. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, मग 'केसरी'चं संपादकपद, १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवस. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावरून त्याच जिवलग मित्राशी बिनसलं. १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. सनातनी मंडळींनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. ज्यानं आईची आशा मोडण्याचं दुःख आधीच सोसलं होतं, त्याला या तिरडीचं काय वाटणार? हे अर्थात माझं मत. दम्यानं पोखरलेल्या त्या शरीराला स्वस्थता फारशी मिळाली नाही, पण आपण चुकीच्या वाटेवर आहोत ही टोचणी त्यांच्या लिखाणात कुठे दिसत नाही. मनाची शांती म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

एक गोष्ट मला पत्राइतकीच मोठी वाटते. बाहेर रूढींवर आसूड ओढणाऱ्या या माणसानं घरात यशोदाबाईंवर आपली मतं लादली नाहीत. त्या आपला देवधर्म करत राहिल्या. विरोधक यावरून टोमणे मारत, काही सुधारकांनाही ते खटकलं असेल. मला मात्र ते पटतं. दुसऱ्यांच्या अपेक्षा झुगारायच्या आणि बायकोनं मात्र माझ्या अपेक्षेप्रमाणे बदलावं असा हट्ट धरायचा, हे निदान त्यांनी केलं नाही. (आमच्या पिढीतले काही 'पुरोगामी' नवरे आठवून मी हे लिहितेय, असो.)

१७ जून १८९५ रोजी ते गेले तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. वयाची एकोणचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. सांगतात, की आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच एका पुडीत बांधून ठेवले होते.