दोन थरांमधली माती

कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३३ मध्ये दख्खनच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांचं वर्णन प्रसिद्ध केलं. काळ्या दगडाचे आडवे थर एकावर एक बसलेत, हे त्यांनी नेमकं टिपलं होतं. पण हे थर कधीचे, हे ठरवायला त्यांच्या हाती काही नव्हतं. तापलेल्या लाव्हात शंखशिंपले टिकणार कसे? वयाचा साक्षीदार दुसरीकडेच शोधायला हवा होता, आणि तो दोन थरांच्या मध्ये दडलेला होता.

लाव्हाचा एक लोंढा निवला की पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. खोलगटात पाणी साचे, गाळ बसे, झाडंझुडपं वाढत. मग नवा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकी. नागपूरला शाळा चालवणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना टाकळीजवळ असाच गाळ सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते, बिया होत्या. त्या शंखांवरून हिस्लॉप यांनी हा दगड डायनासोरांनंतरच्या तृतीयक काळातला ठरवला. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या काळ्या गाळात इवले बेडूकही दगड होऊन पडले होते. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं.

विल्यम ब्लॅनफर्ड यांनी मात्र थरांच्या खाली पाहिलं. नर्मदेच्या खोऱ्यात लाव्हाच्या तळाशी बाग या गावाजवळचे सागरी खडक आहेत आणि ते क्रिटेशस म्हणजे डायनासोरांच्या काळातले आहेत. तेव्हा लाव्हाही त्याच सुमाराचा, असं त्यांनी मांडलं. पुढे १९३०च्या दशकात बिरबल साहनींनी छिंदवाड्यातल्या मोहगाव-कलांसारख्या ठिकाणच्या जीवाश्म वनस्पती पाहून कौल पुन्हा तृतीयक काळाकडे फिरवला. साहनींचा अभ्यास कसून केलेला होता, निष्कर्ष मात्र टिकला नाही. डायनासोरांचे अवशेष लाव्हाच्या थरांमधल्या गाळातही मिळू लागले तेव्हा ब्लॅनफर्ड यांचीच बाजू वरचढ ठरली.

दगडाने स्वतः पहिली साक्ष दिली ती चुंबकत्वातून. निवताना लाव्हा त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतो. १९५०च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे आदींनी ती मोजली. खालच्या थरांत दिशा उलटी आणि वरच्यांत सुलटी निघाली. सह्याद्रीच्या एवढ्या जाड राशीत पालट जवळपास एवढाच, म्हणजे ती भराभर साचली असली पाहिजे. १९८६ मध्ये विन्सेंट कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी हाच धागा पुढे नेला आणि सगळा प्रकार डायनासोरांच्या अंताच्या आसपास आणून ठेवला. पोटॅशियमचा किती अरगॉन झाला यावरून वय काढणाऱ्या त्याआधीच्या मोजण्यांत कोट्यवधी वर्षांचं अंतर पडत होतं, कारण झिजलेल्या दगडातून अरगॉन निसटतो.

वय मोजायचं तर नमुना कोणत्या थराचा हे आधी कळायला हवं. मग थर ओळखायचे कसे? नुसत्या डोळ्यांना बहुतेक सारखेच दिसतात. काहींनी मात्र खूण ठेवली आहे. कशेळे आणि मंचरच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या थरांत फेल्डस्पारचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक काळ्या दगडात आडवेतिडवे पडलेले असतात. एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. बाकी थरांसाठी रसायनशास्त्राला हात घालावा लागला. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि परदेशी सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणांवरून थरांचे गट पाडले. खालून वर नावं अशी: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. दक्षिणेकडे त्यांवर पन्हाळा आणि बेळगावजवळचं देसूर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची मांडणी वेगळी. तीत साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड येतात. एकाच डोंगराची ही दोन नावं विद्यार्थ्यांना छळतात. तरी सर्वेक्षणाची पद्धत मला मोलाची वाटते, कारण ती प्रयोगशाळेविना, डोंगरावर उभं राहून वापरता येते.

नेमकं वय अखेर पुन्हा मधल्या मातीनेच दिलं. घाटात कडा फोडलेला असला की दोन काळ्या थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसतो. त्यात दुसऱ्या उद्रेकांची राख पडून राहिली आहे, आणि राखेत झिरकॉनचे डोळ्यांना न दिसणारे स्फटिक. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतं, शिसं जवळपास घेत नाही. पुढे युरेनियमचं शिसं होत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं. ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि साडेसात लाख वर्षांत आटोपलेला.

२०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गट समोरासमोर आले. शोएन यांच्या झिरकॉननुसार पोलादपूरचा मोठा उद्रेक डायनासोरांच्या अंताआधी काही दहा हजार वर्षं सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन यांच्या अरगॉन-मोजणीनुसार सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा त्या अंतानंतरचा. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटेल तो घाटातल्या अशाच पट्ट्यांमधून आणखी नमुने घेऊन. म्हणून घाटरस्ते रुंद करणाऱ्यांना एक विनंती: दरडी रोखण्यासाठी कड्यावर सिमेंट फवारणं गरजेचं असेल तिथे जरूर फवारा, पण काम सुरू करण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा आणि उघड्या पट्ट्याचे नमुने, मोजमापं, छायाचित्रं घेऊ द्या.