सामायिक इंटरप्ट (रिअल-टाइम प्रणाली)

सामायिक इंटरप्ट म्हणजे एकाच इंटरप्ट लाइनवर एकापेक्षा अधिक उपकरणे जोडलेली असण्याची व्यवस्था होय. संगणकावर लिनक्ससारख्या सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर रिअल-टाइम कर्नलही चालत असेल आणि त्या लाइनवरील एक उपकरण रिअल-टाइम ड्रायव्हरकडे, तर दुसरे सामान्य ड्रायव्हरकडे असेल, तर ही व्यवस्था अडचणीची ठरते. दोन्ही ड्रायव्हर निर्दोष असूनही रिअल-टाइम कामाची कालमर्यादा चुकू शकते.

पार्श्वभूमी

जुन्या आयएसए बसमध्ये दोन ८२५९ चिपांमधून १५ इंटरप्ट लाइन मिळत आणि सामान्यतः प्रत्येक कार्डाला स्वतंत्र लाइन द्यावी लागे. पीसीआय बसने मात्र सामायिकता गृहीतच धरली. तिच्या चार इंटरप्ट लाइन पातळी-संवेदी आहेत. कोणतेही उपकरण लाइन खाली खेचू शकते आणि त्याच्या ड्रायव्हरने दखल घेईपर्यंत ती खालीच राहते. लिनक्स अशा वेळी त्या लाइनवर नोंदलेल्या सर्व ड्रायव्हरांना क्रमाने विचारते. ज्याचे उपकरण असेल तो काम करतो, इतर नकार देतात.

द्वि-कर्नल रचना

अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे व्हिक्टर योडायकेन व मायकेल बाराबानोव यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या आरटीलिनक्समध्ये प्रत्येक इंटरप्ट प्रथम रिअल-टाइम कर्नलकडे जातो. लिनक्सने इंटरप्ट बंद केले तरी प्रत्यक्षात केवळ सॉफ्टवेअरमधील एक खूण बदलते. लिनक्सचे इंटरप्ट थकीत ठेवले जातात आणि रिअल-टाइम कामे संपल्यावर त्याला दिले जातात. मिलान येथील आरटीएआय आणि २००१ मध्ये सुरू झालेला झेनोमाय हे प्रकल्पही याच तत्त्वावर उभे आहेत.

मूळ अडचण

एका लाइनवर रिअल-टाइम नेटवर्क कार्ड आणि लिनक्सचे डिस्क नियंत्रक आहे असे समजू. डिस्कने लाइन खाली खेचली. रिअल-टाइम ड्रायव्हर तपासतो व आपले काम नाही असे कळवतो. आता डिस्कला शांत करू शकणारा एकमेव घटक म्हणजे लिनक्समधील तिचा ड्रायव्हर, आणि त्याची पाळी सर्वांत शेवटी येते.

तोवर लाइन खुली ठेवावी, तर तोच इंटरप्ट पुन्हापुन्हा येत राहतो, प्रोसेसर त्यातच अडकतो आणि लिनक्सला पाळीच मिळत नाही. लाइन बंद ठेवावी, तर नेटवर्क कार्डाचे इंटरप्टही अडतात. म्हणजे सर्वांत तातडीचे उपकरण सर्वांत कमी प्राधान्याच्या कामावर अवलंबून राहते. हा प्राधान्य-विपर्यासच होय. यातील विलंबाला निश्चित कमाल मर्यादा सांगता येत नाही, आणि नेमकी तीच सांगता येणे हे रिअल-टाइम प्रणालीचे प्रयोजन असते. सरासरी विलंब कमी दिसतो, म्हणून साध्या चाचणीत हा दोष अनेकदा निसटतो.

कडा-संवेदी लाइनवर धोका वेगळा आहे. एका उपकरणाची दखल घेतली जात असताना दुसऱ्याने संकेत दिला, तर नवी कडा उमटतच नाही आणि तो संकेत हरवतो. म्हणून झेनोमायमध्ये अशा लाइनवरील सर्व ड्रायव्हरांना, एका पूर्ण फेरीत सगळ्यांनी नकार देईपर्यंत, पुन्हापुन्हा विचारले जाते.

उपाय

झेनोमायमध्ये रिअल-टाइम ड्रायव्हरांनी आपसांत लाइन वाटून घेण्याची सोय आहे. लिनक्सच्या ड्रायव्हरबरोबर मात्र ते टाळणेच इष्ट. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवणे, बायोसमधून अनावश्यक यूएसबी नियंत्रक बंद करणे किंवा त्यांचे ड्रायव्हर काढून टाकणे हे प्रचलित मार्ग आहेत. ते ओबडधोबड असले तरी खात्रीचे आहेत.

सामायिकता अटळ असल्यास रिअल-टाइम बाजूला एक छोटा मध्यस्थ ठेवता येतो. तो सामान्य उपकरणाचा इंटरप्ट त्या उपकरणातच बंद करून लाइन मोकळी करतो, मग लिनक्सला कळवतो. पीसीआय २.३ पासून आज्ञा-रजिस्टरमध्ये यासाठी प्रमाणित बिट आहे. त्यापूर्वीच्या उपकरणांसाठी प्रत्येकाची रजिस्टरे स्वतंत्रपणे जाणून घ्यावी लागतात.

पीसीआय एक्सप्रेस उपकरणे इंटरप्टसाठी सामान्यतः एमएसआय वापरतात. त्यात लाइन खाली खेचण्याऐवजी ठरावीक पत्त्यावर संदेश लिहिला जातो, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच उरत नाही.

२०२४ मध्ये लिनक्स ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये पूर्णतः उपलब्ध झालेल्या प्रीएम्प्ट-आरटी पद्धतीत दुसरा कर्नल नसतो. बहुतेक इंटरप्ट हाताळणी थ्रेडमध्ये होते व थ्रेडचे प्राधान्य बदलता येते. तरीही सामायिक लाइन तिच्यावरील सर्व थ्रेड संपेपर्यंत बंदच राहते. त्यामुळे तिथेही डिस्कच्या थ्रेडला नेटवर्क कार्डाच्या थ्रेडइतकेच वरचे प्राधान्य द्यावे लागते.