धारूर

धारूर, अर्थात किल्ले धारूर, हे महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील तालुक्याचे मुख्यालय असलेले शहर आहे. ते बालाघाट डोंगररांगेत वसले असून केज–माजलगाव रस्ता शहराजवळील अवघड घाटातून खाली उतरतो. विधानसभेसाठी शहराचा समावेश माजलगाव मतदारसंघात होतो.

इतिहास
येथील किल्ला १५६७ मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधला. दोनच वर्षांनी मुर्तजा निजामशहाने तो जिंकला आणि त्याचे नाव फतेहाबाद ठेवले. १६३१ च्या सुमारास किल्ला मोगलांकडे गेला. पुढे हा प्रदेश हैदराबाद संस्थानात राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला.

पाणी
बालाघाट ही गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक रांग आहे. डोंगरावर पडलेले पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाते. त्यातच हा भाग अवर्षणप्रवण आहे. त्यामुळे वाढत्या वस्तीला पाणी पुरविणे हे नगरपरिषदेचे सर्वांत कठीण काम ठरते. डोंगरउतारावरील सीताफळ मात्र या हवामानात चांगले येते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

नगरपरिषद
शहराचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार चालतो. धोरण व अंदाजपत्रक निवडून आलेल्या सभागृहाच्या हाती, तर अंमलबजावणी राज्य शासनाने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याकडे असते. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली. तेव्हापासून घरपट्टी व पाणीपट्टीखेरीज शासनाच्या सहायक अनुदानावर अशा छोट्या शहरांची भिस्त आहे. २०१६ मध्ये निवडून आलेल्या राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला.

ऊसतोड आणि ग्रामकारभार
तालुक्यातील गावांचा कारभार ग्रामपंचायती, धारूर पंचायत समिती व बीड जिल्हा परिषद यांच्यामार्फत चालतो. कोरडवाहू शेतीवर वर्ष निभत नसल्याने अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजुरी व उचल दोन्ही कोयत्यावर ठरतात. गावी राहणाऱ्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात.

या स्थलांतराचा परिणाम लोकशाही व्यवहारावरही होतो. ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. यांपैकी प्रजासत्ताक दिनाची सभा ऐन तोडणीत येते. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे गावाबाहेर असलेल्यांच्या अनुपस्थितीत झालेला ठरावही वैध ठरतो. फेब्रुवारी २०१७ ची जिल्हा परिषद निवडणूकही अशाच हंगामात झाली. मत द्यायचे तर कामगाराला फडावरून गावी यावे लागते, आणि खाडे झाल्यास उचल फिटण्यास तितका उशीर होतो. मतदानापूर्वी उमेदवारांनी गाड्या पाठवून मजुरांना गावी आणणे हे जिल्ह्यात नवे नाही. ग्रामसभेसाठी मात्र अशी गाडी येत नाही.