आठ आणे, सात आठवडे आणि पुढची अठरा वर्षे

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही मंडळी आम्हांस म्हणाली, "अहो, अपुऱ्या दिवसांच्या मुलांवर डॉक्टरांनी बोलावे. तुम्ही युनियनवाले, तुमचा त्याशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांचा जुना आहे. तेवढा सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

प्रथम एक समजूत बाजूला सारू. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असे आपल्याकडे म्हातारी माणसे सांगत आली. हे खरे नव्हे. आईच्या पोटात काढलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या पदरात पडतो. म्हणून आठव्यातल्या मुलाची आशा सातव्यातल्याहून अधिकच असते. 37 आठवडे पुरे होण्याआधी जन्मले ते अपुऱ्या दिवसांचे. एके काळी जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी भरणाऱ्या सगळ्याच मुलांना अपुऱ्या दिवसांची म्हणत. 1961 साली जागतिक आरोग्य संघटनेने हा घोटाळा दूर केला. दिवस अपुरे ही एक गोष्ट, वजन अपुरे ही दुसरी. काही मुलांच्या वाट्याला मात्र दोन्ही येतात. हा भेद ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता गिरणीकडे वळू. सोलापुरात कापडगिरणीचा भोंगा वाजू लागला तो 1870 नंतरच्या दशकात. गिरणीत बायाही होत्या. दिवस गेलेली बाई शेवटपर्यंत कामावर जाई, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडाली. बाळंतपणानंतर ओली बाळंतीण लवकरच पुन्हा खात्यात उभी राही, आणि मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफू चाटवीत. हे निर्दयपणाने घडत नव्हते. पोटासाठी घडत होते.

यावर पहिला आवाज उठला तो कामगार चळवळीतून. ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. 1928 च्या जुलैत मुंबईच्या कायदेकौन्सिलात पुन्हा तोच प्रश्न निघाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. रोज 8 आणे, असे 7 आठवडे. रक्कम लहान, पण बाईची विश्रांती ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे या देशात प्रथमच कायद्याच्या पुस्तकात शिरले. त्याचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. पुढे गिरण्यांतून बायांची संख्या घटत गेली. रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रे यांबरोबर, हा खर्च नको ही मालकांची वृत्तीही त्यास कारण होती.

त्या सात आठवड्यांचे मोल किती, हे मोजायला आणखी साठ वर्षे जावी लागली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 या काळात जन्मलेली, दोन किलोंहून हलकी मुले निवडली आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. आढळले ते असे. बहुतेकांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती. मात्र पुऱ्या वजनाच्या सोबत्यांहून सरासरीने कमी. कित्येकांना वाचन आणि गणित जड गेले. सर्वांत मागे राहिली ती दोन्ही बाजूंनी अपुरी, म्हणजे दिवसही कमी आणि त्या दिवसांच्या मानानेही हलकी. ती उंचीलाही कमी भरली. आणि आईचे शिक्षण व घरची स्थिती यांचाही मुलाच्या बुद्धीवर परिणाम दिसला. त्याच रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मंडळींनी आणखी एक धोका दाखविला. जन्मतः हलके आणि आठव्या वर्षी जाड झालेले मूल मधुमेहाच्या वाटेला लवकर लागते. म्हणून अशा मुलाला 'भरून काढण्यासाठी' नुसते गोडधोड चारणे हिताचे नव्हे.

हे वाचताना आम्हांस आमच्या कचेरीतली एक बाई आठवली. विड्या वळणारी. सातव्या महिन्यापर्यंत मांडीवर सूप घेऊन वाकून बसत होती. मूल अपुऱ्या दिवसांचे झाले, वजन दीड किलो. बाळंतपणाचे पैसे मागायला ती आली, तो कारखान्याच्या कार्डावर नाव सासूचे! विड्या हिने वळायच्या, हजेरी सासूच्या नावाची. एक पैसा मिळाला नाही. तो मुलगा आता आठवीत आहे. गणिताच्या तासाला मास्तर त्याला 'ढ' म्हणतात.

कायदा नव्हता असे नाही. 1961 साली देशभरासाठी प्रसूतिलाभाचा कायदा झाला. 1966 च्या विडी कामगार कायद्याने तो घरी बसून वळणारीलाही लागू केला. 2017 साली रजा 26 आठवड्यांवर गेली. पण कार्डावर जिचे नाव नाही तिला 26 काय आणि 7 काय!

मग निराश व्हावे काय? मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 खेड्यांत गावच्याच बायांना शिकवून नवजात मुलांची घरोघर काळजी घेतली. मूल उबदार ठेवणे, आईचे दूध पाजणे, जंतुदोष वेळीच ओळखणे, इतकेच. नवजात मुलांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि 1999 साली जगाने ते मान्य केले.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. असे मूल घरी असेल तर पहिल्या महिन्यातच त्याचे डोळे तपासून घ्या. दोन वर्षांपर्यंत त्याची प्रगती जन्मतारखेपासून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. मूल जगले की झाले, असे न समजता शाळेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवा. मास्तरांनी 'ढ' म्हणण्यापूर्वी त्याचे जन्मवजन विचारावे. आणि ज्यांच्या घरी सून विड्या वळते त्यांनी उद्याच कारखान्यात जाऊन कार्डावर तिचे नाव लावून घ्यावे. नाही लावले, तर आमची कचेरी उघडी आहे.